खेळात उभारलेला गड कोणाचा?

प्रश्न (खानापूर): येळ्ळूरच्या राजहंसगडावर वारंवार जाऊन मोजमापे घेत माझ्या धाकट्या भावाने एका ऑनलाइन खेळात आठ महिने खपून त्या गडाची प्रतिकृती उभारली. कंपनीने कारण न देता त्याचे खाते बंद केले. या श्रमांवर त्याचा काही हक्क उरतो का?

उत्तर (बेळगाव): ताई, रचनेवरील कॉपीराइट आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर टिकवून ठेवण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार प्रथम मालक सामान्यतः निर्माताच असतो आणि खेळाडू हा कंपनीचा नोकर नसल्यामुळे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो हा अपवाद त्याला लागू होत नाही. मात्र अनेक कंपन्या मालकी मागतच नाहीत. त्या आपल्या अटींमधून रचना वापरण्याचा विनामोबदला, व्यापक परवाना घेतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

उत्तर (निपाणी): ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगाने २००३ मध्ये निर्मितीवरील हक्क खेळाडूंना दिले होते. तरीही तेथील एका खेळाडूचे खाते बंद झाले, तेव्हा २००७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने वाद न्यायालयाऐवजी लवादाकडेच नेण्याची कंपनीची सक्ती अन्यायकारक ठरवली. पुढे तडजोड झाल्याने मालकीचा प्रश्न अनिर्णित राहिला. आमच्याकडे घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानले. खेळाडूच्या श्रमाला अजून नावच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्नकर्ती: मोजमापांची वही आणि चित्रफिती भावाकडे आहेत. त्या जोडून कंपनीला लेखी पत्र पाठवते.