कोरियन वैद्यकाचं संशोधन: पेपर ढीगभर, पण बाद काय झालं?

आकडेमोड्या
आयुष विरुद्ध ॲलोपथी हे भांडण इथं दर महिन्याला होतं आणि त्यात कोणीतरी हमखास म्हणतं की कोरियावाले बघा, आपल्या पारंपरिक वैद्यकावर कसं शास्त्रीय काम करतात आणि आपण बसलोय जुन्या पोथ्या घेऊन. म्हणून म्हटलं एकदा कोरियाबद्दलच बोलू. मी बायोस्टॅटवाला, म्हणजे वैद्यकातल्या आकडेवारीचं काम, ट्रायलच्या डेटावर पोट चालतं, वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही.

आधी चांगलं सांगतो. दक्षिण कोरियात १९५१ च्या कायद्यापासून दोन समांतर वैद्यकं आहेत. पारंपरिक डॉक्टरला हानइसा म्हणतात, सहा वर्षांचं कॉलेज, वेगळं लायसन्स. १९८७ पासून ॲक्युपंक्चर वगैरे सरकारी आरोग्य विम्यात आहे. १९९४ ला सरकारी संशोधन संस्था निघाली, केआयओएम, आता देजॉनला असते. मणका, सर्दी-ॲलर्जी, पचन, स्त्रीरोग, लकवा, त्वचा, मानसिक आजार, सगळ्यात पेपर निघतात, वर उंदरांवरचे प्रयोग वेगळेच. पैसा आहे, माणसं आहेत.

माझा प्रश्न एकच. एवढ्या संशोधनातून बाद काय झालं? म्हणजे 'हे आम्ही तपासलं, उपयोग नाही, उद्यापासून बंद' असं कुठल्या काढ्याबद्दल किंवा सुईबद्दल ठरलंय? मला तरी दिसत नाही. आणि दिसत नाही याचं कारण डिझाइनमध्ये आहे. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार अधिक सुई, आणि मग दुसरा गट बरा निघाला की टाळ्या. अहो, दुसऱ्या गटाकडे जास्त लक्ष दिलं, जास्त वेळा बोलावलं, हात लावला, त्याला बरं वाटणारच! अशा डिझाइनमधून उत्तर 'हो' सोडून दुसरं येणंच अवघड. हे मी नाही म्हणत, एडझार्ड अर्न्स्ट आणि मियोंग सू ली यांनी २००८ मध्ये यावर लेख लिहिलाय, फक्त पॉझिटिव्ह निकाल देणारं डिझाइन असं त्याचं शीर्षकच होतं, आणि छापला कुठं तर आपल्या केईएमच्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनमध्ये. हे ली म्हणजे केआयओएममध्ये वर्षानुवर्षं काम केलेले संशोधक. म्हणजे घरच्याच माणसाला माहीत होतं.

वैद्यबुवा_सांगली
बीएएमएस आहे, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस, त्यामुळे माझा कल कुठं आहे ते आधीच समजून घ्या.

आकडेमोडे साहेब, तुम्ही विचारलेला प्रश्न चुकीचा नाही पण तो फक्त एकाच बाजूला विचारताय. नेहमीचे उपचार विरुद्ध नेहमीचे अधिक सुई ही चाचणी 'सुईत जादू आहे का' याचं उत्तर देत नाहीच, ती 'माझ्या पेशंटला हे दिलं तर त्याचं दुखणं कमी होईल का' याचं उत्तर देते, आणि दवाखान्यात बसलेल्या माणसाला तेच हवं असतं ना. दुसरं म्हणजे कोरियन लोक खोट्या सुईच्या (म्हणजे खऱ्या उपचारासारखी वाटणारी पण नुसती नावाची सुई) चाचण्या करत नाहीत असं चित्र तुम्ही उभं केलंत, ते बरोबर नाही. २०१३ ला ॲलर्जी या जर्नलमध्ये त्यांची चाचणी आली होती, बारमाही सर्दीवर, कोरिया आणि चीन मिळून २३८ पेशंट, तीन गट: खरी सुई, खोटी सुई, आणि नुसते थांबलेले. खरी सुई खोटीपेक्षा सरस निघाली. यावर काय म्हणणं?

आणि बाद करण्याबद्दल बोलायचं तर गुडघ्याच्या झिजेवरच्या आर्थ्रोस्कोपीचं, म्हणजे दुर्बीण घालून करायच्या ऑपरेशनचं बोला की. २००२ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं की नुसता काप घेऊन शिवलेले पेशंट आणि खरं ऑपरेशन झालेले पेशंट सारखेच. बंद झालं का लगेच? नंतर कितीतरी वर्षं होत राहिलं.

डॉ_खडूस
फार्माकॉलॉजीवाला. बुवा, आर्थ्रोस्कोपी बंद व्हायला उशीर झाला हे खरंय पण निदान ती चाचणी सर्जन लोकांनीच केली आणि आज गाइडलाइन तिच्या विरोधात आहेत. इथं २०१९ चं वंध्यत्वाचं प्रकरण बघा. कोरियन सरकारच्या पैशातून चार वर्षं अभ्यास, कारण सापडत नाही अशा वंध्यत्वाच्या १०० बायका, काढे, सुया आणि मॉक्सा म्हणजे ती जळती वनस्पती. ९० जणींनी पूर्ण केलं, १३ जणींना दिवस गेले, ७ बाळंतपणं. आणि कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी हे उपचार न दिलेला गट? नाहीच! वर जाहीर काय केलं तर १४.४ टक्के, म्हणजे आययूआयच्या (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) तोडीचं. आता गंमत अशी की त्यांचा आकडा सात मासिक चक्रांचा मिळून आहे आणि आययूआयचा एका सायकलचा. याला संशोधन म्हणायचं असेल तर माझी मोलकरीणपण संशोधक आहे.

वैद्यबुवा_सांगली
मोलकरणीला मध्ये आणू नका, ती तुमच्यापेक्षा जास्त काम करते. त्या अभ्यासाची बाजू मी घेणार नाही, तो मलाही लंगडाच वाटतो.

आकडेमोड्या
२०१३ च्या सर्दीच्या चाचणीवर: चांगली चाचणी आहे, म्हणूनच मी तिला नावं ठेवली नाहीत. पण फरक बघा किती होता, नाकाच्या लक्षणांच्या एकूण स्कोअरमध्ये साधारण एक गुण. आणि सुई टोचणाऱ्याला तर माहीत असतंच की खरी कुठली खोटी कुठली, तिथं आंधळेपणा शक्य नाही. तरीही असं काम जास्त झालं असतं तर हा धागा मी काढलाच नसता.

आता छुना थेरपी घ्या (चुना लावण्याचे विनोद करायचे असतील ते आत्ताच करून घ्या म्हणजे पुढं बोलता येईल). हाताने मान-पाठ दाबून, खेचून जागेवर आणायचा प्रकार. एप्रिल २०१९ पासून ती तिथल्या सरकारी विम्यात आली. आणि जामा नेटवर्क ओपनमधली मानदुखीवरची चाचणी, १०८ पेशंट, पाच आठवड्यांत दहा वेळा, ती छापून आली २०२१ ला. तुलना कशाशी तर गोळ्या आणि फिजिओशी, पेशंटला माहीत आहे की आपल्याला काय मिळतंय, आणि मोजायचं काय तर 'किती दुखतंय सांगा'. आधी विमा मग पुरावा, असा क्रम झाला.

सुवॉनची_सई
मी नवऱ्याच्या नोकरीमुळे कोरियातल्या सुवॉनला राहते, डॉक्टर नाही, पण तुम्ही सगळे जे लांबून बोलताय ते इथं कसं दिसतं ते सांगते. इथं प्रत्येक चौकात हानइवोन असतं, म्हणजे त्यांचा दवाखाना. शेजारच्या आजी कंबर धरली की सरळ तिकडे जातात, गरम शेक, सुया, सुयांना वायर लावून करंट, कपिंग, पाऊण तास झोपून येतात आणि विम्यामुळे बिल अगदी किरकोळ येतं. कोणी तिथं मियोंग सू ली वाचून जात नाही हो. ऑर्थोकडे गेलं तर तो दोन मिनिटांत एक्सरे काढून इंजेक्शन देतो, हानइसा नाडी धरून बसतो, झोप कशी, पोट कसं विचारतो. काढे मात्र महाग, ते बहुतेक खिशातूनच द्यावे लागतात, म्हणून तरुण लोक सुया घेतात आणि काढ्याला नाही म्हणतात.

पण एक गोष्ट मला खटकते. तोंड वाकडं झालं, म्हणजे चेहऱ्याचा लकवा, की इथले बरेच जण आधी हानइवोनला जातात.

डॉ_खडूस
सईताई, तुम्ही नकळत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मांडलात. बेल्स पाल्सीमध्ये, म्हणजे याच चेहऱ्याच्या लकव्यात, स्टिरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर फायदा होतो, हे २००७ च्या स्कॉटलंडच्या चाचणीत नीट दिसलंय. तो वेळ सुयांमध्ये गेला तर गेला. आणि दुसरं, कोपनहेगनच्या पीटरसन यांनी उपचार न घेतलेले पेशंट वर्षानुवर्षं नोंदवले, त्यातले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे तुम्ही कंट्रोल ग्रुप न ठेवता काहीही द्या, अगदी रोज उसाचा रस पाजा, दहातले सात बरे होणार आणि तुमचा केस सिरीजचा पेपर तयार! आता बघा, नोव्हेंबर २०२० पासून कोरियन सरकारने काढ्यांना विमा द्यायचा पायलट सुरू केला त्यात निवडलेले आजार कुठले: चेहऱ्याचा लकवा, पाळीतलं दुखणं, आणि ६५ च्या वरच्या लोकांना स्ट्रोकनंतर राहिलेला त्रास. २०२४ ला वाढवले त्यात कंबरेची डिस्क, ॲलर्जीची सर्दी, अपचन. स्ट्रोकनंतरचं सोडलं तर बहुतेक आपोआप कमी-जास्त होणारे आजार. हुशारीने निवडलेत.

संत्राबर्फी
काहून भांडून राहिले बे 😄 त्या बोंग-हान वाहिन्यांचं कोणी सांगा ना. साठच्या दशकात उत्तर कोरियात किम बोंग-हान नावाच्या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की मेरिडियनच्या (सुईवाले मानतात त्या शरीरातल्या ऊर्जेच्या वाटा) वाहिन्या मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, सरकारने डोक्यावर घेतलं, मग दोन-चार वर्षांत माणूस आणि संशोधन दोन्ही गायब. पुढं २००० नंतर सोलमधल्या एका भौतिकशास्त्राच्या प्रोफेसरने परत शोधायला घेतल्या, प्राइमो व्हॅस्क्युलर सिस्टिम म्हणून पेपरवर पेपर. ॲनाटॉमीच्या पुस्तकात अजून आल्या नाहीत.

वैद्यबुवा_सांगली
संत्राबर्फी, ते उदाहरण हानइसा लोकांवर ढकलू नका, त्यातले किती जण ते मानतात ते आधी विचारा.

खडूस साहेब, बेल्स पाल्सीवर तुमचं मान्य, स्टिरॉइड आधी, यात वाद नाही. पण आकडेमोडे म्हणतात की मोजायचं काय तर पेशंट सांगेल ते, त्यावर उत्तर देतो. कार्पल टनेलवरची, म्हणजे मनगटात नस दबते त्या आजारावरची, २०१७ ची चाचणी वाचा, ब्रेन जर्नलमध्ये आली, बोस्टनला झाली पण केआयओएमचे लोक त्यात होते. खरी सुई आणि खोटी सुई, दोन्ही गटांना बरं वाटलं. पण मनगटातल्या नसेतून सिग्नल जायचा वेळ मोजला तर तो फक्त खऱ्या सुईवाल्यांचाच सुधारला, आणि मेंदूतला बोटांचा नकाशापण, म्हणजे कुठल्या बोटाची संवेदना मेंदूत कुठं उमटते तो. म्हणजे 'बरं वाटणं' दोघांना सारखं असलं तरी आत काहीतरी वेगळं घडत होतं. हे प्लासिबो म्हणून कसं उडवणार?

आणि काढ्याचं म्हणाल तर आमच्यात काय किंवा त्यांच्यात काय, औषध माणूस बघून ठरतं. ली जे-मा यांनी १८९४ मध्ये माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, सासांग म्हणतात, त्यावर तिथल्या वैद्यकाची एक अख्खी शाखा उभी आहे. एकच गोळी शंभर जणांना देऊन तपासायची पद्धत तिथं बसत नाही.

आकडेमोड्या
कार्पल टनेलची चाचणी मलाही आवडते, पण तीच उलटी वाचून बघा: पेशंटच्या त्रासात तेव्हा फरक नव्हता. पेशंट नस मोजायला येत नाही, हात दुखतो म्हणून येतो. तीनच महिन्यांनी बघितलं तेव्हा मेंदूतल्या बदलाचा आणि लक्षणांचा संबंध सापडला हे खरंय, पण त्यासाठी पुन्हा मोठी चाचणी लागते.

'माणूस बघून औषध' ही सबब मात्र चालणार नाही बुवा, आणि तुम्हाला ती चालू नये कारण तुमच्याच लोकांनी ती खोडलीय. कोइंबतूरला संधिवातावर मेथोट्रेक्सेट (ॲलोपथीतलं नेहमीचं औषध) विरुद्ध आयुर्वेद अशी चाचणी झाली, २०११ ला छापली, ४३ पेशंट. वैद्याने प्रत्येकाची प्रकृती बघून औषध ठरवलं आणि तरीही डबल ब्लाइंड ठेवलं, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, कसं तर दोन्ही बाजूंना दिसायला सारखी खोटी औषधं देऊन. एवढ्या कमी पेशंटमधून निष्कर्ष निघत नाही, पण असं करता येतं हे तर सिद्ध झालं ना.

डॉ_खडूस
आणि नीट चाचणी केली की काय होतं तेही कोरियातच दिसतं. जॉइन्स नावाची गोळी, तीन वनस्पतींचा अर्क, गुडघ्याच्या झिजेसाठी, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी तुलना करून २००१ ला मंजूर. स्टिलेन, दवण्याच्या जातभाईचा अर्क, जठराच्या सुजेवर. ही औषधं झाली, आणि लिहून कोण देतं तर आधुनिक डॉक्टर. हानइसा मंडळी त्यावरून रस्त्यावर आली, कोर्टात गेली. म्हणजे तपासून पास झालेलं ते आपोआप ॲलोपथीच्या कपाटात जातं, आणि न तपासलेलं मागे उरतं त्याला पारंपरिक म्हणायचं.

वैद्यबुवा_सांगली
याला तुम्ही युक्तिवाद म्हणता, आम्ही दरोडा म्हणतो. ज्ञान आमचं, चाचणी पास झाली की माल तुमचा, आणि मग विचारायचं की तुमच्याकडे तपासलेलं काय आहे!

सुवॉनची_सई
हे मात्र इथले हानइसापण अगदी याच शब्दांत बोलतात.

डॉ_खडूस
उलट दिशेचापण दरोडा चालतो की. एका हानइसाने दोन वर्षांत एकाच बाईची ६८ वेळा सोनोग्राफी केली आणि गर्भाशयाचा कॅन्सर सुटला. खालच्या कोर्टांनी दंड केला, डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं हानइसाने सोनोग्राफी वापरणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे २०२० ला आयुर्वेदाच्या पीजींना ५८ ऑपरेशनं करायची अधिसूचना निघाली तेव्हा जो गदारोळ झाला तोच प्रकार. आणि मधमाशीच्या विषाची इंजेक्शनं विसरू नका, २०१८ ला एक शिक्षिका त्याच्या रिॲक्शनने गेली. विष टोचताय तर ॲड्रेनलिन हाताशी ठेवा, एवढं तर कळायला हवं.

वैद्यबुवा_सांगली
पेनिसिलिनने माणसं गेली नाहीत? असो, ते प्रकरण वाईटच होतं. आकडेमोडे, तुम्ही बोलता खूप, आता सरळ सांगा: कुठली चाचणी झाली तर तुम्ही मान्य कराल? कागदावर लिहा.

आकडेमोड्या
लिहितो. चेहऱ्याचा लकवा घ्या, पायलटमधलाच आजार. सगळ्यांना ७२ तासांच्या आत स्टिरॉइड. मग निम्म्यांना हानइसाने नाडी बघून ठरवलेला काढा, निम्म्यांना त्याच चवीचा, त्याच रंगाचा खोटा काढा, कोइंबतूरसारखं. चेहरा कितपत हलतो ते व्हिडिओ बघून तिऱ्हाईत माणूस ठरवेल, ज्याला गट माहीत नाही. सहा महिने. निकालाची व्याख्या आधी रजिस्टर. आणि शेवटची अट: फरक निघाला नाही तर तो काढा विम्यातून बाहेर, हे सरकारने आधीच जाहीर करायचं.

वैद्यबुवा_सांगली
शेवटची अट काढा, उद्या पन्नास हॉस्पिटलं तयार होतील.

आकडेमोड्या
तीच अट तर हवीय. ती काढली की पुन्हा नुसते पेपर.

वैद्यबुवा_सांगली
मग तीच अट कंबरेच्या प्रत्येक ऑपरेशनला आणि दर महिन्याला येणाऱ्या नव्या कॉम्बिनेशन गोळीलापण लावा. त्या कागदावर आधी खडूस साहेबांची सही आणा, खाली माझी घ्या.

डॉ_खडूस
कॉम्बिनेशन गोळ्यांना मी आत्ता सही करतो, निम्म्या तर बंदच व्हायला हव्यात. सर्जन लोकांचं मी सांगू शकत नाही, ते माझं ऐकत नाहीत.