फोर्टवर्थमध्ये ब्रिस्केट खायची तर कुठे?

डॅलसकर: पुढच्या महिन्यात भाऊ-वहिनी ठाण्याहून येतायत. भावाला टेक्ससची ब्रिस्केट, म्हणजे धुरावर शिजवलेलं बीफ, खायचीच आहे. जो तो सांगतो, 'स्टॉकयार्ड्सला जा', म्हणजे फोर्टवर्थच्या जुन्या गुरांच्या बाजाराच्या भागात. मला पटत नाही. तिथे रोज साडेअकराला आणि चारला लांब शिंगांची गुरं रस्त्यावरून नेतात, ते जरूर दाखवावं, पण जेवायला तिथून निघावं. मी गोल्डीज या हॉटेलात नेणार, शहराच्या दक्षिण टोकाला. 2020 मध्ये सुरू झालं आणि 2021 मध्येच 'टेक्सस मंथली' मासिकाने राज्यात पहिला नंबर दिला. तुकडा दोन बोटांत धरला तर नुसता वाकतो, हलकेच ओढला की सुटतो. वरची काळी साल मिठामिऱ्याची, खरपूस. चरबी पार वितळून काचेसारखी झालेली. पावसुद्धा घरचा.

रानमेवा: चव उत्तम आहे, वाद नाही. पण शुक्रवार ते रविवारच उघडं, आणि उन्हात दोन-तीन तास रांग. पाहुण्यांना हे का? ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं चिवट मांस, मुळात स्वस्तातलं. रात्रभर मंद धुरावर ठेवून मऊ करायचं आणि साध्या माणसांनी पोटभर खायचं, असं ते जेवण. मी अँजेलोज म्हणेन, व्हाइट सेटलमेंट रोडवर, 1958 पासून. दुपारी आत शिरा, ताट घ्या, बर्फाळ ग्लासातली बिअर घ्या. शेजारच्या टेबलावर कामाच्या बुटांतली माणसं जेवत असतात. फोर्टवर्थला काऊटाऊन म्हणतात ते हेच.

डॅलसकर: जुनं आहे म्हणून चांगलं, हे मी मानत नाही. दुसऱ्या एका जुन्या नावाजलेल्या ठिकाणी मला इतकी कोरडी ब्रिस्केट मिळाली की सॉसशिवाय घास उतरेना. बारा-चौदा तास धुरावर ठेवलेलं मांस कापून तासभर उघडं ठेवलं तर सगळी मेहनत वाया. गोल्डीजला तुमच्यासमोर कापतात. रांग त्यासाठी.

चुलीवरची: तुम्ही दोघं धुरावरच अडलात. स्टॉकयार्ड्समधलं कूपर्स असं उडवून लावू नका. मूळचं लानो गावचं. तिथे मेस्किट नावाच्या झाडाची लाकडं जाळून निखारे करतात आणि मांस थेट त्या निखाऱ्यांवर भाजतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तोच वास मांसाला लागतो. चुलीवरच्या मटणावर वाढलेल्यांना ही चव लगेच ओळखीची वाटते. आणि दादा, वहिनी बीफ खातात का?

डॅलसकर: नाही खात. तिला टर्की आणि सॉसेज घेऊ असं ठरवलं होतं.

चुलीवरची: सॉसेज नको! त्यात बहुतेक ठिकाणी बीफ असतं, विचारल्याशिवाय घेऊच नका. टर्की चालेल, पण बऱ्याचदा त्याच फळीवर, त्याच सुरीने कापतात. मी स्वतः बीफ खात नाही, म्हणून कळकळीने सांगते. सुरी पुसून घ्या म्हटलं तर आजवर कुणी नाक मुरडलेलं नाही, पण सांगावं लागतं. कूपर्सला पोर्कचा जाडजूड चॉप मिळतो, दोन बोटं जाडीचा. मागे ब्रिस्केटसाठी गर्दी असली तरी वहिनींना आपण तडजोड केली असं वाटणार नाही.

रानमेवा: हे मात्र खरं. चॉपच्या बाबतीत अँजेलोज मागे.

डॅलसकर: मग शनिवारी गोल्डीज ठरलंच आहे, ते मी सोडत नाही. रविवारी गुरं बघून कूपर्स. तिथे मागवायचं कसं?

चुलीवरची: आत बसायच्या आधी भट्टीपाशीच बोट दाखवून तुकडा निवडायचा. मग सॉसमध्ये बुडवू का विचारतात. वहिनींना नको म्हणायला सांगा, सॉस टेबलावर वेगळा घेता येतो.