मदत हवी आहे: केओरीडर टाकता येईल असा ई-रीडर कोणता घ्यावा?

मी देवगडला असतो. जुन्या ई-रीडरवर केओरीडर (ई-पुस्तकं वाचायचं मोफत ॲप) टाकला होता. ई-रीडरचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं आणि जेलब्रेक (बाहेरचं ॲप टाकण्यासाठी कंपनीचं कुलूप तोडणं) गेला. पुन्हा करून पाहिला, नव्या आवृत्तीवर जमत नाही. कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांच्या ई-रीडरवर जेलब्रेकची गरजच नाही, फाइली कॉपी केल्या की केओरीडर चालतो. म्हणून त्यांतलाच घेणार. अँड्रॉइडवाला नको.

वाचन बहुतेक मराठी ईपबचं (ई-पुस्तकांच्या फाइलींचा एक प्रकार). स्वतःचे देवनागरी फॉन्ट टाकता यावेत, जोडाक्षरं फुटता कामा नयेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. एसएसएचही (संगणकावरून नेटवर्कद्वारे ई-रीडरमध्ये शिरायची सोय) हवं. इथे पावसात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, त्यामुळे ६ इंची, आयपीएक्स८ (पाण्यात पडला तरी टिकण्याचं मानांकन) असलेला कोबो क्लारा बीडब्ल्यू डोळ्यासमोर आहे.

किनाऱ्यावर कोणी हा पावसाळाभर वापरलाय का? आणि त्याच्यावर केओरीडरमध्ये ‘क्ष’, ‘ऱ्या’ नीट दिसतात का?