दुपारी दोनला चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, गॅस भरायचा का?

अंबड_युटिलिटी

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या प्लांटवर 200 टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंड करण्याची क्षमता) वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन आहे; त्याच्या कंडेन्सरचं (गॅसची उष्णता पाण्यात सोडणारा भाग) पाणी कूलिंग टॉवरवर गार होतं, गॅस आर-134ए, तिन्ही शिफ्ट चालू. आठवडाभर रोज दुपारी दोनच्या आसपास हाय प्रेशर ट्रिप येतोय. कटआउट, म्हणजे जास्त प्रेशरला मशीन बंद करणारा स्विच, 12.5 बारला आहे.

आज सकाळी अकराची लॉगशीट: डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) 10.8 बार गेज, सक्शन (आत येणाऱ्या गॅसचं) 2.4 बार. कंडेन्सरचं पाणी आत 31, बाहेर 35.5. चिल्ड वॉटर आत 12.5, बाहेर 8. कंडेन्सर पंपाचा फ्लो 136 घनमीटर प्रति तास, म्हणजे डिझाइनइतकाच. मेकअप (टॉवरमध्ये भर घालायचं पाणी) बोअरच्या पाण्याचा, हार्डनेस (क्षाराचं प्रमाण) 400 पीपीएम, सॉफ्टनर बंद आहे.

सर्व्हिसवाले म्हणतात 10 किलो गॅस टाकू आणि कटआउट 14 वर नेऊ. वरचे साहेब म्हणतात ऊन फार आहे, मे संपला की आपोआप थांबेल. काय करावं?

सातपूर_प्लांटरूम

गॅस टाकू नका आणि कटआउटला हात लावू नका. गॅस कमी पडला तर सक्शन पडतं, साइट ग्लासमध्ये (पाइपवरच्या काचेत) बुडबुडे दिसतात. डिस्चार्ज चढत नाही. तुमचं सक्शन 2.4 म्हणजे साधारण साडेतीन अंश, 8 अंशाच्या पाण्याला ठीकच आहे. चढलेल्या प्रेशरवर आणखी गॅस टाकला तर जास्तीचं लिक्विड कंडेन्सरच्या खालच्या ट्यूब बुडवतं आणि प्रेशर अजून वाढतं.

आता तुमचेच आकडे बघा. 10.8 बार गेजला आर-134ए साधारण 45.5 अंशाला कंडेन्स होतो. पाणी बाहेर पडतंय 35.5 ला. अप्रोच, म्हणजे या दोन तापमानांतला फरक, झाला 10. ट्यूब स्वच्छ असतील तर या लोडला तो 2 च्या आत हवा. पाण्यात 4.5 अंशाचा फरक येतोय आणि फ्लोही पूर्ण आहे, म्हणजे उष्णता पाण्यात जातेय, पण ट्यूबच्या भिंतीतून जायला गॅसला फार तापावं लागतंय. थेट संशय क्षाराच्या थरावर. 400 हार्डनेस आणि सॉफ्टनर बंद, मग दुसरं काय होणार? कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापेल तसं कमी विरघळतं, म्हणून ते टॉवरच्या टाकीपेक्षा आधी कंडेन्सरच्या गरम ट्यूबवर बसतं.

साहेबांच्या उन्हाबद्दल. नाशिकचं हे ऊन कोरडं असतं. हवा 39 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान) 22 च्या आसपास येतो, आणि टॉवरला तोच कळतो. 28 वेट बल्बला 32 अंशाचं पाणी देणारा टॉवर 22 ला अगदी 26 देणार नाही, कारण वेट बल्ब उतरला की टॉवरचा अप्रोच (त्याचं पाणी आणि वेट बल्ब यांतला फरक) थोडा वाढतो. तरी 27-28 मिळायलाच हवं. तुम्हाला 31 मिळतंय. म्हणजे दुखणी दोन आहेत, टॉवरचं वेगळं आणि कंडेन्सरचं वेगळं. पावसाळ्यात वेट बल्ब वर जातो, तेव्हा मे संपायची वाट बघण्यात फायदा नाही.

टॉवरवर नोझल, फिलमधला (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या थरांतला) क्षार, बेल्ट स्लिप आणि फॅनची दिशा बघा. वायरिंगचं काम झालं असेल तर फॅन उलटा फिरत असण्याची शक्यता गंमत म्हणून सोडू नका. उलटा फॅनसुद्धा थोडी हवा हलवतो, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही.

गोदाकाठ_रेफ्रिजरेशन

वरच्याशी सहमत, पण कंडेन्सरचं कव्हर उघडण्याआधी सिस्टीममध्ये हवा नाही ना, हे तपासा. अलीकडे ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) बदलला असेल आणि व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत नेलं नसेल तर हवा कंडेन्सरमध्ये साठते आणि प्रेशर असंच दाखवते.

लिक्विड लाइन व्हॉल्व्ह बंद करून गॅस कंडेन्सरमध्ये ओढा आणि कॉम्प्रेसर बंद करा. हे करताना चिल्ड वॉटर पंप चालूच ठेवा, नाहीतर इव्हॅपोरेटरमध्ये (चिल्ड वॉटर थंड होतं तो भाग) सक्शन 1.9 बारच्या खाली गेलं की ट्यूबमधलं पाणी गोठतं. फ्लो स्विचला (पाणी थांबलं की मशीन बंद करणाऱ्या) जंपर (बायपास वायर) मारलेला असेल तर आधी तो काढा. मग कंडेन्सरचं पाणी फिरवत राहा, आत-बाहेर तापमान एक होईपर्यंत. समजा 30 अंशाला स्थिरावलं. त्या तापमानाला आर-134एचं प्रेशर 7.7 बार ॲब्सोल्यूट. नाशिक सुमारे 600 मीटरवर आहे, इथं हवेचा दाब 0.94 बार धरा, म्हणजे गेजवर 6.75 च्या जवळपास दिसायला हवं. 7.5 दिसलं तर हवा आहे. 6.8 दिसलं तर निर्धास्तपणे कव्हर उघडा. गेज मात्र कॅलिब्रेट केलेलं घ्या, इथं अर्ध्या बारवर सगळा निकाल आहे.

अंबड_युटिलिटी

धन्यवाद दोघांनाही. टेस्ट केली: 30 अंशाला 6.8, म्हणजे हवा नाही. टॉवरचे निम्मे नोझल क्षारानं बुजलेत. रविवारी शटडाउन मिळतोय. टॉवरच्या टाकीतच ॲसिड टाकून पंपानं फिरवलं तर एका दमात दोन्ही साफ होतील ना?

सातपूर_प्लांटरूम

अजिबात नको. टॉवरचा गॅल्वनाइज्ड पत्रा ॲसिड आधी खाईल. त्याहून मोठा धोका म्हणजे त्या पाण्यात शेवाळासाठी सोडियम हायपोक्लोराइट टाकत असाल, तर ॲसिडशी मिसळून क्लोरीन वायू सुटेल. आधी टॉवर पूर्ण रिकामा करून धुवा, कंडेन्सरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि वेगळ्या प्लास्टिक टाकीतून छोट्या ॲसिड पंपानं फक्त कंडेन्सरमध्ये फिरवा.

कव्हर उघडताना पंपाच्या स्टार्टरला कुलूप आणि टॅग, मग ड्रेन आणि व्हेंट दोन्ही उघडे. वरचे दोन बोल्ट ढिले करून ठेवा, काढू नका. आत पाणी अडकलं असेल तर ते फटीतून निघून जाईल. कव्हर चेन ब्लॉकवर घ्या. थर मऊ असेल तर ट्यूबच्या मापाचा नायलॉन ब्रश पुरतो. तारेचा ब्रश नको, ट्यूबच्या आतल्या बारीक आट्या घासून जातात.

थर पांढरा आणि टणक असेल तरच ॲसिड, आणि तेही इनहिबिटर (ॲसिडपासून धातूला वाचवणारं रसायन) असलेलं सल्फामिक, 5 ते 8 टक्के. हायड्रोक्लोरिक स्वस्त पडतं म्हणून आणू नका. पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडवर पाणी ओतू नका. 1 किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जवळपास 2 किलो सल्फामिक लागतं, त्या हिशेबानं साठा ठेवा. वरचा व्हेंट उघडा, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला पाहिजे, खोली हवेशीर ठेवा. द्रावण 50 अंशाच्या वर नेऊ नका. फेस थांबला आणि ॲसिडची ताकद घटायची थांबली की काम झालं, रात्रभर तसंच ठेवू नका. नंतर धुण्याच्या सोड्यानं पीएच 7 वर आणा, भरपूर पाण्यानं धुवा. ते पाणी ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्ये), नाल्यात नाही. चष्मा, फेस शील्ड, रबरी हातमोजे सगळ्यांना. टॉवर घासणाऱ्याला एन-95 मास्कही द्या, त्या तुषारांतून लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जीवाणू) फुप्फुसात जाऊ शकतो.

पाणी_तपासनीस

ट्यूब साफ कराल, पण सॉफ्टनर बंदच राहिला तर लवकरच परत हेच. तुमच्या फ्लो-तापमानावर बाष्पीभवन ताशी 0.95 घनमीटर येतं. 4 सायकल (टॉवरचं पाणी मेकअपच्या किती पट क्षारयुक्त) ठेवायच्या तर ब्लीड (मुद्दाम बाहेर सोडायचं पाणी) 0.3, मेकअप 1.25. दिवसाला 30 घनमीटर, त्यात 400 हार्डनेस, म्हणजे रोज 12 किलो क्षार टॉवरमध्ये शिरतो. 4 सायकलला टॉवरचं पाणी 1600 हार्डनेसवर जाईल, हे कुठलंही केमिकल सहज सांभाळत नाही. सॉफ्टनर दुरुस्त होईपर्यंत 2 सायकलवर चालवा: ब्लीड बाष्पीभवनाइतकंच, ताशी 0.95. पाणी जास्त लागेल, पण कंडेन्सिंग एक अंश वाढलं की वीज 2-3 टक्के वाढते, त्यामानानं ते स्वस्त. ब्लीड हातानं सोडू नका, कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (पाण्यातल्या क्षारानुसार आपोआप ब्लीड सोडणारा) लावा.

पिंपळगाव_शीतगृह

थोडं विषयांतर. आमच्याकडे द्राक्षांच्या प्रीकूलिंगला अमोनिया आहे. ॲसिड क्लीनिंगची हीच पद्धत चालेल का?

गोदाकाठ_रेफ्रिजरेशन

पाण्याच्या बाजूला तत्त्व तेच, पण ट्यूब लोखंडाच्या असतात, कारण अमोनिया तांब्या-पितळेला खातो. इनहिबिटर त्यानुसार घ्या. ऑइल ड्रेन करताना जास्त सांभाळा: तेल द्रव अमोनियापेक्षा जड, तळाशी बसतं, आणि ते संपलं की मागून अमोनिया येतो. हात सोडताच बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लावा, आणि ड्रेन चालू असताना जागा सोडू नका.

अंबडवाल्यांसाठी एक राहिलं. रविवारी मेन सप्लाय बंद ठेवलात तर ऑइल हीटरही बंद होतो, गॅस तेलात विरघळतो आणि सुरू करताना तेल फेसाळून बेअरिंग कोरडे पडतात. सप्लाय आल्यावर तेल गरम व्हायला वेळ द्या, 24 तास हीटर चालू ठेवणं सर्वांत चांगलं. सोमवारची पहिली शिफ्ट त्यानुसार ठरवा, किंवा हीटरला वेगळा सप्लाय द्या.