वाड्याच्या मांगच्या जुन्या संडासाखाली शिश्या निघाल्या, अजून खोदू का बुजवू?

खारपाणी_पोट्टा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहून राह्यलो, सांभाळून घेजा. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. घर म्हणजे पणजोबाच्या काळातला मातीचा वाडा, आता अर्धा पडलेला. मांगच्या आवारात कोपऱ्यात एक जुना संडास होता, माह्या आठवणीत तं कोनी वापरला नाई, त्यात आई गोवऱ्या अन् तुऱ्हाट्या भरून ठेवे. यंदा बाबा म्हणे पाडून तिथंच नवा बांधू. पाडला, खालची फरशी उचलली तं माती भसकन खचली, सब्बल मारली तं अर्धीच्या वर आत गेली. गडी म्हणे खाली पोकळ हाये, मी नाई उतरत.

मंग मी अन् चुलतभाऊ दोन दिवस खोदत बसलो. साडेचार फुटापर्यंत गेलो असन. निघालं ते असं, गोटीवाल्या सोड्याच्या तीन शिश्या (एक साबूत, गोटी अजून खुळखुळ वाजते), एक निळी सहा कोनाची शिशी जिच्या अंगावर उभ्या रेघा हायेत, दोन दौती, कंदिलाच्या काचा, चिनीमातीच्या बरणीचं झाकण, बांगड्याचे तुकडे तं इतके की मोजले नाई, अन् एक तांब्याचा पैसा हिरवा पडलेला, राणीचं तोंड अंधुक दिसते. माती काळी नाई, राखेसारखी भुसभुशीत, वास बिल्कुल नाई.

यूट्यूबवर मी पाह्यलं, अमेरिकेत लोक हाच धंदा करतात, जुन्या घरामांगं लोखंडी सळई खुपसत फिरतात, जुना संडास लागला का आठ-दहा फूट खोदतात अन् तळातून शंभर-दीडशे वर्षाच्या औषधाच्या शिश्या काढतात. मले वाटते आपलंही तेच हाये. तं विचारायचं असं की अजून खाली जाऊ का, या शिश्या किती जुन्या असतीन, काही भाव येते का, अन् घरचे म्हणून राह्यले का संडासातलं सामान घरात आणू नको, त्याइले काय सांगू?

बंडीची_धुरी

भाऊ गावात बोंब झाली का नाई अजून गुप्तधनाची? नसन झाली तं उद्या होते. आमच्याकडे एकानं रात्री बॅटरी लावून आवारात नळाची पाइपलाइन खोदली होती, सकाळी आठ वाजता दारात वीस माणूस अन् एक बुवा हजर, म्हणे नागोबा बसला हाये हंड्यावर. जे खोदायचं ते दिवसाढवळ्या खोदा, दार उघडं ठेवून. अन् कोनी लिंबू-हळद घेऊन आला तं त्याले वापस पाठवा, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसते.

सोनखत

तुमच्या व्हिडिओतल्या गोष्टीबद्दल थोडं बोलतो कारण इथंच सगळी गडबड आहे. अमेरिकेत तो खड्डाच संडास असे. घरामागे खोल खड्डा, विटांनी नाहीतर लाकडानं बांधलेला, त्यावर खोपटं. नळ नव्हते, कचरागाडी नव्हती, त्यामुळे फुटकी बशी, रिकामी औषधाची शिशी, बायकोपासून लपवून प्यायलेली दारूची बाटली, सगळं त्यातच टाकत. वास दाबायला चुना टाकत म्हणून खोदताना पांढरे थर लागतात. खड्डा भरत आला की राख-माती टाकून बुजवायचा आणि खोपटं सरकवायचं. शंभर वर्षांत मैल्याची माती होते, बाटली तशीच राहते. खोदणारे लोक १८६७ पासून निघालेले सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे पाहतात, त्यात एकेक इमारत काढलेली असते, त्यावरून मागचं आवार कुठं होतं याचा अंदाज येतो, मग सळई.

आपल्याकडे खेड्यातला माणूस लोटा घेऊन बाहेर जात असे. वाड्यात संडास असला तरी तो खड्ड्याचा नसे, टोपलीचा असे. वर दोन दगड, खाली टोपली नाहीतर डब्बा, आणि मागच्या बोळीकडून एक लहान दार. त्या दारातून टोपली कोण ओढत असे आणि डोक्यावर कोण वाहत असे ते सगळ्यांना माहीत आहे, कोणत्या जातीच्या माणसांना ते करावं लागलं तेही माहीत आहे. १९९३ मध्ये कायद्यानं बंदी आली, २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून समजा. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा जन्मभर खराटा घेऊन गावं झाडत फिरले.

सांगायचा मुद्दा, टोपलीत बाटली टाकून चालत नसे, त्यामुळे आपल्याकडे संडासाखाली बाटल्यांचा खजिना सहसा नसतो. बाटल्या जायच्या उकिरड्यावर, उकिरडा बंडीत भरून वावरात. शहराजवळ तर मैला आणि कचरा कुजवून सोनखत करत, तेही वावरातच. म्हणून वखरताना चिनीमातीचे तुकडे, बांगड्या, दौती वर येतात, आणि लोक म्हणतात इथं जुनं गाव होतं. दर वेळी गाव नसतं, पुष्कळदा नुसतं खत असतं.

तर तुमच्या संडासाला मागून लहान दार होतं का? असेल तर तुम्ही जो खड्डा खोदताय तो संडासाचा नाहीच, संडास त्याच्यावर नंतर बांधलाय. घरात म्हातारं माणूस असेल तर विचारा.

खारपाणी_पोट्टा

हाव ना, दार होतं! मांगच्या भिंतीले गुडघ्याइतकं, विटांनी बुजवलेलं. मले वाटे कोंबड्याचं असन. आजीले विचारतो.

विहीरवाले_काका

पोरांनो आधी बाहेर निघा मग शिश्यांचं पाहू. माझी हयात विहिरी खोदण्यात अन् गाळ काढण्यात गेली. साडेचार फूट म्हणता म्हणजे एकाचं डोकं जमिनीच्या वर जेमतेम दिसत असेल, अन् बाजूची माती भुसभुशीत. ती बसली तर छातीपर्यंत जरी बसली तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही, बाहेरच्याला वाटते हा तर दिसतो आहे, बोलतो आहे, अन् पाच मिनिटात संपते. कडा सरळ ठेवू नका, दोन्हीकडून उतार करा, काढलेली माती काठावर नाही तर लांब टाका.

दुसरं गॅस. "वास बिल्कुल नाही" लिहिलं त्यानं मला जास्त भीती वाटली. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा जो गॅस असतो तो जास्त झाला का नाकच बधिर करते, वास येणं बंद होते. अन् खाली पेव, म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, असेल तर वेगळीच गोष्ट, बंद जागेत धान्य, कडबा सगळं हवेतला ऑक्सिजन खाते अन् कार्बन डायऑक्साइड सोडते, तो जड असतो, तळाला बसून राहतो. जुने लोक पेव उघडलं का दिवसभर तसंच ठेवत अन् मग कंदील दोरीनं सोडत, विझला तर उतरायचं नाही. ते पेवासाठी ठीक. पण संडासाच्या किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील सोडाल तर भडका होईल, तिथं मिथेन असतो. अन् कंदील जळत राहिला म्हणजे विषारी गॅस नाहीच असंही नाही. एक जण आत पडला तर दुसऱ्यानं वाचवायला उतरायचं नाही, दोन-दोन तीन-तीन माणसं अशीच जातात, आपण पेपरात दर उन्हाळ्यात वाचतो.

काचा हातानं उचकू नका, जाड हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच घ्या.

दौत_आणि_टाक

मी जुन्या शिश्या जमवतो, पंधरा वर्षं झाली, घरात बायको त्याला भंगारच म्हणते.

गोटीची बाटली म्हणजे कॉड बाटली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मानेत रबराची रिंग, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून सोडा भरायचा, सरळ करताना गॅसच गोटीला वर दाबून धरतो, वेगळं बूच लागत नाही. मानेला दोन खळगे दिसतील, ओतताना गोटी तिथं अडकते. तुमच्या दोन बाटल्या फुटक्या निघाल्या ना? गोटी आहे का त्यांच्याजवळ? नसणार. सगळ्या जगात पोरांनी या बाटल्या कंच्यांसाठी फोडल्या आहेत. पण नुसती गोटी पाहून जुनी समजू नका, या बाटल्या आपल्या देशात अजून बनतात. अंगावर उठावाची अक्षरं शोधा, कारखान्याचं नाव, गावाचं नाव. इंग्रज कॅम्पात, कामठीसारख्या ठिकाणी, सोड्याला गिऱ्हाईक होतं, आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आल्यावर अशा मालाला वाट मिळाली. कापसाच्या पैशावर वऱ्हाडातले वाडे उभे राहिले, तिथं सोडा प्यायला जाणं ही चैन नक्कीच असणार.

निळी सहाकोनी, उभ्या रेघांची, ती बहुतेक विषाची. रेघा शोभेसाठी नाहीत, अंधारात हाताला कळावं म्हणून. अंगावर "नॉट टू बी टेकन" असं इंग्रजीत असेल, बघा. ती धुताना आत काही चिकटलेलं असेल तर खरवडू नका, आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये मुळीच नाही.

दौतींसाठी एक खूण. बाजूनं जी साच्याची उभी रेघ जाते ती बोटानं वर पाहत जा. मानेवर संपली तर तोंड हातानं केलेलं, म्हणजे साधारण जुनी. ओठावरून आरपार गेली तर मशिनची, ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशिन १९०३ च्या सुमाराचं, त्याच्या अलीकडची. गोटीच्या बाटलीला हा नियम लावू नका, तिचं तोंड गोटी आत टाकल्यावर वेगळं घडवावं लागतं. आणि काच सगळी विलायतीच असेल असं नाही, तळेगावचा पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ चा, ओगल्यांचा १९१६ चा, प्रभाकर कंदील त्यांचाच. तुमच्या कंदिलाच्या काचेवर काही अक्षरं असतील तर फोटो टाका, मला त्यातच जास्त रस आहे.

काचेवर पांढरट किंवा तेलासारखी रंगीत झाक असेल तर घासून निघणार नाही, ती घाण नाही, मातीनं काच खाल्लेली असते. कोमट साबणाचं पाणी, रात्रभर भिजत, बस. ॲसिड नाही. आणि भावाचं म्हणाल तर भंगारवाल्यापेक्षा जास्त, स्वप्नातल्यापेक्षा कमी.

कोर्टाची_पायरी

पैशाबद्दल. एक, घासू नका, चिंच-मीठ तर नाहीच. दोन, राणीच्या तोंडाभोवती "क्वीन" आहे की "एम्प्रेस" ते पाहा. एम्प्रेस असेल तर १८७७ किंवा नंतरचा.

१८७८ चा भूमिगत निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. हो, दहाच रुपये, रक्कम तेव्हाची आहे. एका पैशासाठी कोणी धावत जात नाही, पण गाडगं भरून नाणी, दागिना, मूर्ती असं काही लागलं तर तिथंच थांबा आणि लेखी कळवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू मोडते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक शोधायच्या भानगडीत पडू नका.

आणि एक विनंती. तुमचं आवार गावठाणात म्हणजे पांढरीवर आहे. आपल्या विदर्भातल्या पांढऱ्या साध्या नाहीत, कौंडण्यपूर, पवनी, अडम, भोन, या गावांखालीच दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. शिश्यांचा थर वरचा. त्याच्या खाली काळी-तांबडी पातळ खापरं यायला लागली तर सब्बल खाली ठेवा, ते यूट्यूबचं काम नाही.

खारपाणी_पोट्टा

सगळ्याइले धन्यवाद, लय शिकाले भेटलं. आजीले विचारलं. पह्यले तं रागावली का तिथं हात काहून घातला, मंग सांगितलं. ती नवरी होऊन आली तवा तिथं संडास होताच, पण तिची सासू सांगे का त्या जागी ज्वारीचं पेव होतं. एका पावसाळ्यात पाणी शिरलं, सारी ज्वारी नासली, मंग दोन-तीन वर्ष घरातला कचरा, राख, फुटकं-तुटकं त्यातच टाकून पेव भरलं अन् वर संडास बांधला. म्हणजे सोनखत भाऊ बरोबर होते. घरच्याइचाही प्रश्न मिटला, संडासातलं नाई, पेवातलं सामान हाये म्हटल्यावर आईनं बरणीचं झाकण स्वतःच धुतलं.

काकांचं ऐकून कडा उतरत्या केल्या, खड्डा दोन दिवस उघडा ठेवला, अन् मंग आत न उतरता वरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं थोडं ओढलं. सहा फुटाच्या आसपास काळा पडलेला कडबा अन् शेणाचा लेप लागला, तिथं थांबलो. निळ्या शिशीवर अक्षरं हायेत, "टेकन" स्पष्ट वाचता येते. पैसा एम्प्रेसचा. कंदिलाच्या काचेवर काही नाई, सॉरी भाऊ.

उद्या मुरूम टाकून बुजवतो, संडास दुसऱ्या कोपऱ्यात, विहिरीपासून दूर. फक्त एक नवीन लफडं झालं. आजी आता म्हणते पेवं दोन होते. दुसरं कुठं ते तिले आठवत नाई, म्हणे आता ट्रॅक्टर उभा राह्यते तिथंच कुठंतरी असन. बाबानं कालपासून ट्रॅक्टर रोडवर लावला हाये.