युद्धाचा खर्च वाढला की मनोरुग्णांचा निधी कापावा का?

धागाकर्ता (आर्वी, जि. वर्धा):
मे 2025 मधील ऑपरेशन सिंदूरनंतर आमच्या पारावर एक मत वारंवार ऐकू येते, की सरकारने आधी दारूगोळा पाहावा, वेड्यांची इस्पितळे मागाहून. पुलगावचा लष्करी दारूगोळ्याचा डेपो इथून फार लांब नाही, त्यामुळे या मताला माना लगेच डोलतात. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, तर अख्ख्या आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे 1 लाख कोटी. त्यातला मनोरुग्णांचा चिमूटभर वाटा कापून किती तोफा येतील? पहिल्या महायुद्धात इंग्लंडने अशी अनेक इस्पितळे जखमी सैनिकांसाठी रिकामी करून घेतली, उरलेल्यांत रुग्ण कोंबले आणि शिधा घटवला. 1918 या एका वर्षात तिथले साधारण पाचात एक रुग्ण दगावले.

माजी सैनिक (मोर्शी):
भाऊ, आपण दोन वेगळे गल्ले एकत्र मोजत आहात. संरक्षण हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय आहे आणि रुग्णालये राज्याची. नागपूरचे 1864 पासूनचे मनोरुग्णालय राज्य सरकार चालवते, तिथला पंखा बंद पडला तर दोष सीमेवरच्या खर्चाला देता येत नाही. शिवाय 1918 हे इन्फ्लुएंझाच्या साथीचे वर्ष होते, हे आपण सोयीस्करपणे गाळले.

धागाकर्ता:
साथीचा उल्लेख राहिला, हे मान्य. पण उपासमार आणि गर्दी यांनी खंगलेल्या माणसांवरच ती साथ आली. गल्ल्याचे म्हणाल, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो आणि त्यात आपल्यासारख्या राज्यात केंद्राचा वाटा 60 टक्के असतो. तो हात आखडला की काय होते ते मी घरात पाहिले आहे. एका सरकारी दवाखान्यात दोन महिने 'साठा आला नाही' एवढेच उत्तर मिळाले आणि माझ्या चुलतभावाच्या गोळ्या तुटल्या. ऐन निंदणाच्या दिवसांत मोठी आई त्याच्या राखणीला बसली. गोठ्यातल्या खुंट्याला बांधलेल्या साखळीने पाय सोलू नये म्हणून तिने कड्यांना जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. वाचलेला खर्च असा तिच्या मजुरीतून वसूल झाला.

सामाजिक कार्यकर्ती (भंडारा):
दादा, आपले दुःख खरे आहे, पण त्यावरचा उपाय नागपूरच्या 940 खाटा नव्हेत. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम 19 मध्ये सांगतो. पैसा मोजकाच असेल तर, युद्ध असो वा नसो, मोठ्या इमारतीवरचा खर्च थांबवून तो तालुक्याच्या औषधांवर लावावा.

निवृत्त परिचारिका (मूळ गाव उमरेड):
ताई, कायदा मी वाचला आहे आणि वॉर्डही पाहिला आहे. बरी झालेली बाई गाठोडे बांधून बसते, तिच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत येते, आणि तिला सोडायचे तरी कुठे, याचे उत्तर कुणाकडे नसते. त्याच कलमात रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यावरच्या निवासगृहांची (हाफवे होम) जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती आधी उभी राहू द्या, मग खाटा कमी करा. नागपूरकर मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला अजून पागलखाना चौक म्हणतात, त्यामुळे तिथला निधी कापला तर रस्त्यावर कुणी उतरणार नाही, आणि कापणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

माजी सैनिक (मोर्शी):
गोळ्यांचा पैसा कापू नये, एवढे मी मान्य करतो. नव्या बांधकामांना मात्र दोन-तीन वर्षे थांबवले तर बिघडणार नाही, या मतावर मी ठाम आहे. आपल्या भावाची औषधे आता मिळतात का?

धागाकर्ता:
मिळतात. नागपूरहून आणावी लागतात. एसटीने जाऊन येईपर्यंत दिवस मावळतो, म्हणून मोठी आई आता दर महिन्याच्या हिशेबात एक रोज आधीच वजा धरते.