गुलमर्गला पाच दिवस: स्की शिकावे की स्नोबोर्ड?

पेठेतला फॉरवर्ड
नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी १६ वर्षांची मुलगी पाच दिवसांसाठी गुलमर्गला जाणार आहोत. बर्फाशी आम्हा कोल्हापूरकरांचा संबंध उसाच्या रसापुरताच, त्यामुळे दोघेही पूर्ण नवखे आहोत. मुलगी स्केटबोर्ड चालवते आणि आपण दोघांनीही स्नोबोर्डच शिकायचे, असा तिचा हट्ट आहे. माझे वय ४७ असून, शाहू स्टेडियमवर खेळलेल्या फुटबॉलची आठवण म्हणून उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया पदरी आहे. स्कीमध्ये दोन्ही पाय सुटे असतात आणि हातात काठ्या असतात, म्हणून ते अधिक सुरक्षित असावे, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर आहे का, आणि पाच दिवसांत उताराचा आनंद कशात जास्त मिळेल?

घाटवळण
मी गुलमर्गलाच स्की शिकलो, तेव्हा माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगतो. स्कीवर तुमचे तोंड उताराकडे असते आणि चालण्याची जी सवय शरीराला आहे तिच्याशी ते जुळते. दोन्ही फळ्यांची टोके जवळ आणून टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी होतो. ही युक्ती बहुतेकांना पहिल्याच दिवशी जमते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सौम्य उतारावरून, जोतिबाच्या घाटातून गाडी उतरावी तसे, वळणे घेत खाली येता येते. स्नोबोर्डवर मात्र दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात, आणि पहिले दोन दिवस मुख्यतः बसण्यात, उठण्यात आणि पुन्हा बसण्यात जातात. त्यानंतर बोर्डवाल्याची प्रगती झपाट्याने होते हे खरे, आणि स्कीवाल्याला दोन्ही फळ्या समांतर ठेवून डौलात वळायला कित्येक हिवाळे लागतात हेही खरे. परंतु तुमच्याकडे पाचच दिवस आहेत. एक सूचना: स्कीचे बूट इतके कडक असतात की पायताणाला सरावलेला पाय संध्याकाळपर्यंत रडकुंडीला येतो. स्नोबोर्डचे बूट त्या मानाने मऊ असतात.

टाचेची कड
शिकण्याच्या वेगाबाबत घाटवळण यांचे म्हणणे मान्य आहे, पण मूळ प्रश्नातील समजूत दुरुस्त करणे आवश्यक वाटते. पाय सुटे असणे हेच गुडघ्याच्या दृष्टीने स्कीचे दुखणे आहे. एक फळी एकीकडे आणि शरीर दुसरीकडे गेले, की ती लांब फळी तरफेसारखी गुडघा पिळते. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी पकड, बूट सोडून देते, परंतु सावकाश पिळवटत पडताना ते सुटेलच असे नाही. स्नोबोर्डची बाइंडिंग पडल्यावर सुटत नाहीत, मात्र दोन्ही पाय एकाच फळीवर असल्याने नवशिक्याचा गुडघा सहसा पिळला जात नाही. तिथे मार बसतो तो मनगटाला, खांद्याला, माकडहाडाला आणि डोक्याला. उताराच्या बाजूची कड बर्फात रुतली की माणूस क्षणात आपटतो आणि नकळत हात पुढे करतो. म्हणून हेल्मेट आणि मनगटरक्षक हवेतच, आणि पडताना मूठ मिटून कोपरापर्यंतचा हात टेकावा.

तुमच्या मुलीला स्केटबोर्डचा फायदा इतकाच, की कोणता पाय पुढे ठेवायचा हे तिला ठाऊक आहे. टाचेकडची आणि चवड्याकडची कड यांच्यातील अदलाबदल तिला नव्यानेच शिकावी लागेल. शिवाय गुलमर्गचे पठार वाटीसारखे आहे आणि सपाट भागात बोर्डवाल्याला एक पाय सोडवून ढकलत जावे लागते, तेव्हा काठ्या असलेल्या वडिलांचा तिला हेवा वाटेल. खोल, भुसभुशीत बर्फात मात्र रुंद बोर्ड तरंगते आणि तो आनंद वेगळाच असतो. तथापि गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरचे अफरवट डोंगराचे उतार सुमारे ३,९०० मीटर उंचीवर असून तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. पहिल्या पाच दिवसांत तिकडे उतरण्याचा विचारही करू नका.

गुडघ्याबद्दलचा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावा. त्यांनी स्कीला परवानगी दिली, तर फळ्या भाड्याने घेताना वजन आणि कौशल्य खरे सांगा, कारण बाइंडिंग किती जोरावर सुटावे हे त्यावरून ठरवतात. तिथे मर्दानी बढाई मारण्यात अर्थ नाही.

पन्हाळकर
दोघांनी एकच शिकले पाहिजे, असे कुठे आहे? आधुनिक स्नोबोर्डचा पूर्वज १९६५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की एकत्र जोडून तयार केला, म्हणजे बापलेकीचा हा वाद त्या वस्तूच्या जन्मातच आहे. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले, तरी अमेरिकेतील अल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या स्की केंद्रांत आजही बोर्डला मज्जाव आहे. गुलमर्गला तशी आडकाठी नाही. एकाच उतारावर उतरताना एवढे लक्षात ठेवा, की बोर्डवाला आडवा उभा असल्याने त्याला पाठीकडचे दिसत नाही. मुलीच्या पाठीच्या बाजूने जवळून पुढे जाऊ नका.

पेठेतला फॉरवर्ड
सर्वांचे आभार. माझी समजूत नेमकी उलटी निघाली. सोमवारी डॉक्टरांना भेटतो. त्यांनी होकार दिला तर मी स्की आणि मुलगी बोर्ड, असे घरात ठरले आहे. तिचे स्केटिंगचे मनगटरक्षक चालतील का?

टाचेची कड
चालतील, पण त्यांच्यावरून चढतील असे मोठ्या मापाचे जलरोधक हातमोजे घ्या आणि ते घरीच घालून पाहा.